चारही बाजूंना सारखी बॉर्डर: डार्करूममधलं ईझल निवडणं, तपासणं आणि वापरणं

घरी काढलेली पहिली बरी प्रिंट मी फ्रेम करायला नेली. दुकानदाराने ती काचेवर ठेवली, खणातून गुण्या काढून एका कोपऱ्याला लावला आणि विचारलं, "साहेब, फोटो वाकडा आहे की कागद?"

दोन्ही वाकडं होतं. डावीकडची बॉर्डर वरच्या टोकाला ११ मिलिमीटर, खालच्या टोकाला १४. उजवीकडे सरळ ९. टोन बरे होते, फोकस नेमका होता, त्यासाठी मी चार तास अंधारात उभा होतो. आणि भिंतीवर टांगल्यावर कुणाचंही लक्ष आधी त्या तिरक्या पांढऱ्या पट्टीकडेच जाणार होतं.

ज्यांना फिल्म धुता येते, ज्यांच्याकडे एन्लार्जर (निगेटिव्हमधलं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) आलाय, ट्रेमध्ये चित्र उमटतंय, पण कडा दर वेळी वेगळ्याच येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो या रसायनांचा विषय वेगळा. इथे फक्त कागद, त्याच्या कडा आणि त्यांना धरून ठेवणारी वस्तू.

त्या वस्तूला ईझल म्हणतात. कुणी मास्किंग फ्रेम म्हणतं, कुणी मास्किंग बोर्ड. एन्लार्जरखालच्या फळीवर ते बसतं आणि तीन कामं करतं: कागद ठरल्या जागी धरतं, सपाट ठेवतं आणि कडांवर सावली धरतं. जिथे सावली तिथे उजेड नाही, म्हणून तिथला कागद पांढरा राहतो. ही सावली धरणाऱ्या धातूच्या चपट्या ब्लेडना मी पुढे पाती म्हणतो, म्हणजे फूटपट्टीशी घोळ नको.

हाताशी काय हवं

- स्टीलची १२ इंची फूटपट्टी, मिलिमीटरच्या स्पष्ट खुणांची. प्लॅस्टिकची नको, तिचं टोक झिजलेलं असतं.
- सुताराचा लहान गुण्या.
- लहान पाणसळ. फोनमधलं लेव्हल ॲप चालत नाही. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, फोन डुगडुगतो.
- पेपर कटर, शक्यतो फिरत्या चाकाचा. वरून खाली येणाऱ्या सुरीचा कटर मंद लाल-पिवळ्या उजेडात वापरणं मला कधीच धाडसाचं वाटलेलं नाही, मूर्खपणाचंच वाटलंय.
- ग्रेन फोकसर, म्हणजे चित्रातले कण बघून फोकस लावायचं भिंग.
- फसलेल्या प्रिंट. फेकू नका, त्यांच्या पाठीवर बरंच काम होतं.
- मास्किंग टेप, बारीक टोकाचा मार्कर, काळा मॅट रंग.
- पत्त्यांचा जुना जोड. का, ते चौथ्या पायरीत.

१. आधी कागदावर गणित करा

पहिला महिना मी ईझलला शिव्या घालत होतो. दोष भूमितीचा होता.

३५ एमएमची फ्रेम २४ × ३६ मिलिमीटरची, म्हणजे २ : ३. दुकानात सर्रास मिळणारा ८ × १० इंचाचा कागद ४ : ५. अख्खी फ्रेम न कापता ८ × १० वर घेतली, तर चारही बाजूंना सारखी बॉर्डर एकाच मापाला येते: २ इंच. आणि मधे उरतं ६ × ४ चं चित्र. एवढ्या महाग कागदावर पोस्टकार्ड!

हिशेब सोपा आहे. कागदाच्या लहान बाजूची तिप्पट करा, त्यातून लांब बाजूची दुप्पट वजा करा, उरेल त्याचं अर्धं म्हणजे तुमची बॉर्डर. ८ × १० साठी २४ वजा २०, उरले ४, अर्धे २.

हेच ५ × ७ ला लावून बघा. १५ वजा १४, उरला १, बॉर्डर अर्धा इंच, चित्र ६ × ४. कुठलीही कापाकाप नाही, चारही बाजू सारख्या. म्हणून नवशिक्यांना मी सांगतो, पहिली दोन पाकिटं ५ × ७ ची घ्या.

बाकीच्यांचं असं: ११ × १४ वर अडीच इंच बॉर्डर आणि ९ × ६ चं चित्र. १६ × २० वर ४ इंच बॉर्डर आणि १२ × ८. गॅलरीत टांगायला १६ × २० छान दिसतं, आपल्या दिवाणखान्यात चित्र शोधावं लागतं.

मग ८ × १० चं करायचं काय? एक इंच कापा. ७ × १० झाला की २१ वजा २०, बॉर्डर बरोबर अर्धा इंच, चित्र ९ × ६. कापलेली एक इंच रुंद, दहा इंच लांब पट्टी म्हणजे फुकटची टेस्ट स्ट्रिप (किती उजेड द्यायचा ते आजमावायची पट्टी), जी एरवी तुम्ही अख्खा कागद फाडून करणारच होता. ११ × १४ चंही तसंच: एक इंच काढून १० × १४ करा, १ इंच बॉर्डर आणि १२ × ८ चं चित्र मिळतं. हे जमल्यापासून मी न कापलेला ८ × १० जवळजवळ वापरतच नाही.

कापताना एक गोष्ट लक्षात ठेवा. कारखान्यातून आलेला कोपरा काटकोनात असतो, तुमच्या कटरने केलेला असेलच असं नाही. न कापलेल्या एका कोपऱ्याला पाठीमागे पेन्सिलने टिंब करा. ईझलमध्ये कागद लावताना तोच कोपरा अडणीला (कागद अडवणाऱ्या कडेला) टेकला पाहिजे.

कापायचंच नसेल तर जोडीजोडीने सारखी बॉर्डर ठेवा: ८ × १० वर ९ × ६ चं चित्र, डावी-उजवी अर्धा-अर्धा इंच, वर-खाली एकेक इंच. डोळ्याला हे अजिबात खटकत नाही. खटकतं ते डावीकडे १२ आणि उजवीकडे १४.

मीडियम फॉरमॅटवाल्यांचं, म्हणजे ३५ एमएमपेक्षा मोठी फिल्म वापरणाऱ्यांचं, दुःख कमी. ६ × ७ सेंटिमीटरची निगेटिव्ह जवळपास ४ : ५ च असते. पाव इंचाची बॉर्डर ठेवून साडेनऊ × साडेसातची खिडकी केली तर किंचितच कापलं जातं. ६ × ६ असेल तर कागद ८ × ८ कापा.

बॉर्डर किती रुंद ठेवायची? ५ मिलिमीटरच्या बॉर्डरमध्ये १ मिलिमीटरची चूक म्हणजे पाचवा हिस्सा. ती लगेच दिसते. २५ मिलिमीटरमध्ये तीच चूक कुणी शोधायलाही जात नाही. नवीन असताना अर्ध्या इंचाच्या खाली जाऊ नका. चिमट्याने धरायला, फ्रेमच्या माउंटखाली दाबायलाही जागा लागतेच.

२. ईझलचे प्रकार

एका मापाचं: धातूचा चपटा खोका, एका बाजूने कागद आत सरकवायचा, वर ठरलेल्या मापाची खिडकी. बॉर्डर बारीक असते आणि बदलता येत नाही. पण चुकायला जागाच नाही. एकाच मापाच्या पन्नास प्रिंट काढायच्या असतील तर याच्यासारखं सुख नाही.

दोन पात्यांचं: सर्वात जास्त हेच दिसतं. वर आणि डावीकडे चौकटीचे पक्के हात, उजवीकडे आणि खाली दोन सरकती पाती. डाव्या-वरच्या कोपऱ्यात कागद अडवणाऱ्या अडण्या असतात. त्या अडण्या डावी आणि वरची बॉर्डर ठरवतात, सरकती पाती उजवी आणि खालची. इथेच नवे लोक फसतात. चौकटीवरचा आकडा साधारणपणे खिडकीचं माप दाखवतो, बॉर्डरचं नाही. ७ × १० च्या कागदावर अर्धा इंच बॉर्डर हवी, तर अडण्या अर्ध्या इंचावर आणि पाती ९ व ६ वर. १० आणि ७ वर नव्हे.

चार पात्यांचं: चारही पाती वेगवेगळी हलतात, कागद आपल्या खाचेत बसतो. जड असतं, आणि जड असणं हा इथे गुण आहे. कोपर लागलं तरी जागचं हलत नाही. सॉन्डर्स, एलपीएल, इंग्लंडचं बिअर्ड या नावांची चार पात्यांची ईझल जुन्या बाजारात कधीमधी दिसतात. परवडलं तर हेच घ्या. रुंद बॉर्डर, मधोमध नसलेलं चित्र, उभ्या कागदावर आडवी फ्रेम, सगळं जमतं.

बॉर्डरलेस ईझलही मिळतं, कागदाला फक्त कडेने चिमटून धरणारं. आपला विषयच बॉर्डर, तेव्हा ते सोडून देऊ.

३. जुनं ईझल घेताना

नवं ईझल इथे सहज मिळत नाही. बहुतेकांना बंद पडलेल्या स्टुडिओतलं, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चादरीवर मांडलेलं, नाहीतर मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात विचारपूस करून मिळालेलं घ्यावं लागतं. माझं पहिलं एका विक्रेत्याकडून कुरिअरने आलं. फोटोत झकास दिसत होतं. हातात आलं तेव्हा उजवं पातं केळ्यासारखं वाकलेलं.

तेव्हापासून गुण्या खिशात घेऊनच जातो. बघायचं ते असं:

पाती लहान खिडकीवर आणून चारही कोपऱ्यांना गुण्या लावा. मग मोठ्या खिडकीवर नेऊन पुन्हा लावा. काही ईझल लहान मापाला काटकोनात असतात आणि मोठ्या मापाला पातं फाकतं.

समोरासमोरच्या बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. नुसते कर्ण सारखे आले म्हणून खूश होऊ नका. एका बाजूला निमुळत्या होत गेलेल्या चौकटीचेही कर्ण सारखेच भरतात.

चौकट उचलून बिजागरी हलवून पहा. खुळखुळत असेल तर दर वेळी चौकट वेगळ्या जागी बसणार. याला इलाज नाही, सोडून द्या.

पात्याखाली साधा कागद ठेवून चौकट बंद करा आणि आडवा टॉर्च मारा. पातं आणि कागद यांच्यात फट दिसली तर बॉर्डरची कड धूसर येईल.

गंज, रंगाचे पोपडे, आकडे पुसलेले, हे सगळं चालतं. आकड्यांवर तसाही विश्वास ठेवायचा नाहीये.

४. एन्लार्जर सरळ करा

ईझल काटकोनात असलं आणि त्यावर पडणारं चित्रच एका बाजूला निमुळतं असलं, तर कुठेतरी फिल्मची कड दिसणार किंवा कुठेतरी चित्र कापलं जाणार. निगेटिव्ह, लेन्स आणि ईझल ही तिन्ही पातळ्या एकमेकींना समांतर हव्यात.

हे काम दिवे लावून करा. ईझलवर पाणसळ ठेवा, आधी आडवी, मग उभी. बुडबुडा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. तो मधोमधच हवा असं नाही. टेबल थोडं कललेलं असेल तर असू दे. पण निगेटिव्ह कॅरियर (निगेटिव्ह धरणारी चौकट) बसतो त्या जागी पाणसळ ठेवल्यावर बुडबुडा तिथेच थांबला पाहिजे.

मग अंधार करून रिकाम्या कॅरियरच्या खिडकीचा उजेड १२ × ८ एवढा मोठा पाडा आणि समोरासमोरच्या कडा मोजा. डावी कड उजवीपेक्षा मोठी आली तर एन्लार्जरचं डोकं किंवा फळी त्या दिशेने कललेली आहे. एन्लार्जरला स्क्रू असतील तर स्क्रूने, नसतील तर खांबाच्या बुडाशी पत्त्याचा तुकडा सारून दुरुस्त करा. माझ्या एन्लार्जरखाली किलवरची दुर्री आणि चौकटची पंजी कायमची गेली आहे. घरात रमी बंद.

लेन्स तिरकी असेल तर आकार फारसा बिघडत नाही, फोकस बिघडतो: एक कोपरा कुरकुरीत, समोरचा मऊ. म्हणजे आकार निमुळता असेल तर निगेटिव्ह किंवा फळीकडे बघा, कोपरे मऊ असतील तर लेन्सकडे.

५. ईझलची परीक्षा घ्या

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. एक कागद खर्च होतो, पुढचे शंभर वाचतात.

ईझलवर अर्धा इंच बॉर्डरचं माप लावा. कागदाच्या पाठीवर 'वर' असं पेन्सिलने लिहा, कागद नीट टेकवून लावा. निगेटिव्ह न लावता, लेन्सचं छिद्र एफ/८ वर ठेवून, कागद पूर्ण काळा होईल इतका उजेड द्या. डेव्हलप करा, हायपोत घाला, धुवा, वाळवा. आता हातात काळा चौकोन आणि पांढरी बॉर्डर आहे. प्रत्येक बाजू दोन ठिकाणी मोजा, कोपऱ्यापासून साधारण इंचभर आत. एकूण आठ आकडे.

माझ्या ईझलचे आकडे असे आले: डावी १२.५ आणि १२.५. वरची १२.५ आणि १२.५. उजवी १४ आणि १४. खालची १२.५ आणि १३.५.

उजवीकडचे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणजे पातं सरळ आहे, फक्त त्याचा आकडा दीड मिलिमीटरने खोटा बोलतो. त्यावर उपाय टेपचा: आकड्याशेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावला आणि खऱ्या जागेवर मार्करने रेघ मारली. खालचे दोन आकडे जुळत नाहीत, म्हणजे पातं तिरकं आहे किंवा कागद.

ते ओळखायला दुसरा कागद १८० अंशात फिरवून लावा आणि हेच पुन्हा करा. तिरकेपणा ईझलच्या त्याच बाजूला राहिला तर दोष ईझलचा, कागदाबरोबर फिरून दुसरीकडे गेला तर कागदाचा. माझ्या बाबतीत पातं दोषी निघालं. त्याच्या टोकाचे दोन स्क्रू सैल करून, गुण्या लावून पुन्हा आवळले, एवढंच.

कागदही मोजून घ्या. माझ्याकडच्या एका पाकिटातले कागद लांबीला १ मिलिमीटर कमी भरले. तो मिलिमीटर दर वेळी उजव्या बॉर्डरमधून जायचा आणि मी पात्याला दोष द्यायचो.

फायबर कागद वापरत असाल तर मोजमाप पूर्ण वाळल्यावरच करा. ओला असताना तो फुगतो आणि दोन दिशांना सारखा फुगत नाही. प्लॅस्टिकचा थर असलेल्या आरसी कागदाला ही कटकट नाही.

६. प्रत्यक्ष प्रिंट काढताना क्रम

नव्या माणसाच्या हातून काय होतं? तो चित्र पाडतो, मग पाती ओढून चित्राच्या कडांना नेऊन भिडवतो. चित्र सुंदर चौकटीत बसतं आणि बॉर्डर जशी येईल तशी येते. मी कित्येक महिने असंच केलं.

उलट करा. पाती आधी लावा, गणिताने, टेपवरच्या खुणांनी. आणि मग त्यांना हात लावू नका. आता चित्र पात्यांकडे आणायचं: डोकं वर-खाली करून माप, ईझल फळीवर सरकवून जागा, ईझल किंचित फिरवून सरळपणा. पाती बॉर्डरसाठी, ईझलची जागा चित्रासाठी. ही दोन कामं वेगळी ठेवली की निम्मा गोंधळ संपतो.

निगेटिव्ह कॅरियरमध्ये सरळ बसवा. फिल्मच्या छिद्रांची रांग कॅरियरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे.

ईझलमध्ये फसलेली प्रिंट उलटी, पांढरी पाठ वर करून लावा. फोकसला एका कागदाच्या जाडीने फारसा फरक पडत नाही. पण पांढऱ्यावर चित्र स्वच्छ दिसतं आणि कागद लावायची जागाही तपासून होते.

चित्र खिडकीपेक्षा चारही बाजूंना मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोठं ठेवा. फिल्मची न उजेडलेली कड पारदर्शक असते, ती प्रिंटवर काळीकुट्ट उमटते. एका बाजूलाच अशी काळी रेघ आली की उत्तम बॉर्डरही वाकडी दिसते.

लेन्स पूर्ण उघडून फोकस करा, दोन-तीन स्टॉप बंद करा, फोकस पुन्हा बघा. डोकं वर-खाली झालं की माप हलतं, फोकस हलला की मापही थोडं हलतं. म्हणून माप, फोकस, परत माप, परत फोकस.

सगळं जमलं की ईझलच्या दोन कडांना लागून फळीवर मास्किंग टेप चिकटवा. कागद घालताना ईझल ढकललं गेलं तर परत टेपला टेकवायचं.

एन्लार्जर बंद. कागद घ्या, टिंब केलेला कोपरा डावीकडे-वर. आधी वरच्या अडणीला टेकवा, मग बोटाने हलकेच डावीकडे सरकवा, 'टक' असं बोटांना जाणवेपर्यंत. मग चौकट खाली. चौकट आपटू नका. हवेने कागद उडतो आणि कोपरा अडणीवर चढून बसतो. अंधारात ते दिसत नाही. चौकट बंद झाल्यावर कागदाची उघडी कड बोटाने एकदा दाबून बघा, हलली तर पुन्हा लावा.

टेस्ट स्ट्रिप, मग प्रिंट. त्यात बॉर्डरचा काही संबंध नाही.

७. बॉर्डर सारखी आहे, तरी बरी दिसत नाही

बॉर्डरच्या आतल्या बाजूला बारीक गडद रेघ येते. पात्याची चकचकीत कड उजेड कागदावर परत फेकते. काळ्या मॅट रंगाचा पातळ हात द्या, किंवा मार्करने कड काळी करा.

कड धूसर येते. पातं कागदावर टेकलेलं नाही. फायबर कागद वळलेला असेल तर आदल्या रात्री जड पुस्तकांखाली ठेवा.

बॉर्डर राखाडी येते. कागद जुना असेल, डेव्हलपरमध्ये फार वेळ राहिला असेल किंवा सेफलाईट (कागद काळवंडू न देणारा डार्करूमचा दिवा) सेफ नसेल. मल्टिग्रेड कागदाला (ज्यावर कॉन्ट्रास्ट बदलता येतो) निळा आणि हिरवा दोन्ही उजेड कळतो. झिरोच्या बल्बला लाल रंग फासून केलेला सेफलाईट माझ्या एका मित्राकडे होता. रंगाला पडलेल्या चिरांतून त्याच्या सगळ्या प्रिंट मळकट झाल्या. आणि एक फसवी गोष्ट: बॉर्डर पांढरी राहिली म्हणजे सेफलाईट ठीक आहे असं समजू नका. ज्या कागदाला आधी थोडा उजेड मिळालाय तो लवकर काळवंडतो, कोऱ्याला वेळ लागतो. म्हणजे बॉर्डर शुभ्र आणि आकाश मात्र मळलेलं, असं होऊ शकतं. तपासायला कागदाला आधी एन्लार्जरचा थोडासा उजेड द्या, फिका राखाडी येईल इतकाच. मग त्यावर नाणं ठेवून सेफलाईटखाली सहा-सात मिनिटं सोडा आणि डेव्हलप करा. नाण्याचं वर्तुळ दिसलं तर दिवा लांब न्या किंवा बदला.

ईझलचा तळ पांढरा असेल तर पातळ कागदातून उजेड जाऊन खालून परत येतो. पिवळा रंग देतात तो उगाच नाही. रंगवायचं नसेल तर कागदाखाली काळं कार्ड ठेवा.

८. बारीक काळी रेघ हवी असेल तर

पांढरी बॉर्डर आणि चित्र यांच्यात केसाएवढी काळी रेघ अनेकांना आवडते. तिचे दोन रस्ते आहेत. पहिला, कॅरियरची खिडकी बारीक कानशीने किंचित मोठी करायची, म्हणजे फिल्मची पारदर्शक कड उमटते. कानशीनंतरचा चकाकता धातू काळा करायला विसरू नका, आणि एकाच कॅरियरवर हे करायचं धाडस करू नका.

दुसरा मार्ग बिनधोक. जाड काळं कार्ड खिडकीपेक्षा लांबी-रुंदीला ३ मिलिमीटर लहान कापा. चित्राचं एक्स्पोजर झाल्यावर चौकट न उघडता लाल फिल्टर आड घेऊन एन्लार्जर लावा, म्हणजे कागद न काळवंडता तुम्हाला दिसेल. कार्ड खिडकीत मधोमध ठेवा, चारही बाजूंना दीड मिलिमीटर फट. त्यावर एखादं वजन. एन्लार्जर बंद करा, निगेटिव्ह काढा, फिल्टर बाजूला करा आणि फटीतला कागद काळा होईल इतका उजेड द्या. आधी फुकट गेलेल्या कागदावर दोनदा सराव करा. कार्ड मधोमध ठेवणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, आणि लाल उजेडात जास्तच.

९. पैसे नसतील तर घरी करा

कागदाला आता पर्याय फार नाहीत. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' गेला. आता इंग्लंडचा इलफर्ड, नाहीतर चेक प्रजासत्ताकाचा फोमा, आणि दोन्ही खिशाला लागतात. ईझलवरचे पैसे कागदाकडे वळवावेत, असं मला सुरुवातीला वाटलं ते काही चूक नव्हतं.

१२ × १४ इंचाचा सपाट प्लाय घ्या, काळा रंगवा. अडणीसाठी जाड लग्नपत्रिकेच्या कार्डाच्या दोन पट्ट्या कापा आणि गुण्या लावून डाव्या-वरच्या कोपऱ्यात काटकोनात चिकटवा. जाड पुठ्ठा इथे नको. वरची खिडकी जितकी उचलली जाईल तितकी कड धूसर येते.

खिडकी फ्रेमवाल्याकडून माउंटबोर्डमध्ये कापून घ्या, बरोबर ९ × ६ ची, बाहेरून प्लायएवढी. त्याची सुरी तिरका छेद देते. छेदाची पातळ धार कागदाला लागेल अशी बाजू खाली ठेवा आणि छेदाचा पांढरा भाग काळा करा.

आता जुळवणी. ७ × १० च्या साध्या कागदावर चारही बाजूंनी अर्धा इंच आत पेन्सिलने चौकोन काढा. तो अडण्यांना टेकवून ठेवा, वर माउंटबोर्ड ठेवून खिडकी चौकोनाशी तंतोतंत जुळवा, हलू न देता वरच्या कडेला बाइंडिंगची कापडी टेप मारा. तीच बिजागरी. पाचव्या पायरीतली काळ्या चौकोनाची परीक्षा यालाही द्या. वापरताना माउंटबोर्डच्या दोन कोपऱ्यांवर वजनं ठेवा. मी वाण्याकडून आणलेली जुनी पाव किलोची दोन मापं ठेवतो.

माझं असं ईझल त्याच फ्रेमवाल्याने कापून दिलं. चार पात्यांचं जड ईझल नंतर आलं, पण ७ × १० साठी अजून हेच काढतो. तळाला मार्करने लिहिलंय: 'कागद ७ × १०, चित्र ९ × ६, टिंब डावीकडे वर.'